लिफाफ्यातलं मत

ओमानमधल्या सीबमध्ये हिवाळा येतो तो आवाज बंद होऊन. मार्चपासून रात्रंदिवस घरघरणारा एसी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी आपण बंद करतो आणि इतके महिने आपण केवढ्या गोंगाटात बोलत होतो ते एकदम कळतं. आमच्या घरी तो दिवस ठरवायचं काम श्रीधरचं होतं. आंघोळ करून आला की तो हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून उभा राहायचा, ताप बघावा तसा. भिंत गार लागली की म्हणायचा, "खलास. सुजा, खिडक्या उघड."

गेले दोन हिवाळे ती भिंत मीच बघते. यंदा हात लावला आणि तसाच ठेवून बराच वेळ उभी राहिले. मग खिडक्या उघडल्या. खजुराच्या झावळ्यांची सळसळ आत आली, मासळीबाजाराकडून येणारा ओला खारा वास आला, खालच्या मजल्यावर अबू खालिदच्या घरी लोबान जळत होता त्याचा धूर आला. अबू खालिद आमचे घरमालक. खालिद हा त्यांचा थोरला मुलगा, म्हणून ते अबू खालिद. त्यांचं स्वतःचं नाव आम्ही इतकी वर्षं राहून कधी घेतलं नाही.

हा वास, ही शांतता आणि गावची निवडणूक या तीन गोष्टी माझ्या मनात एकत्र बांधल्या गेल्या आहेत. श्रीधरच्या गावची ग्रामपंचायत. रत्नागिरी जिल्ह्यात, मुख्य रस्त्यापासून आत, दोन डोंगरांच्या मधे वसलेलं गाव. पंचायतीची निवडणूक दर पाच वर्षांनी येते आणि आमच्या गावात ती नेमकी हिवाळ्यात येते, आंबा मोहरायच्या बेताला. यंदा ती पुन्हा आली. म्हणून मला तो पाच वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो आहे. खरं सांगायचं तर मी त्यातून बाहेरच आलेले नाही.

श्रीधर सर्व्हेअर होता. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत. इथल्या डोंगरांतून कोरड्या नद्या उतरतात, त्यांना वादी म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस त्यांत नुसते गोटे असतात, आणि एखाद्या दिवशी डोंगरात पाऊस झाला की तासाभरात गाडी वाहून नेईल एवढं पाणी. अशा वाद्यांवर पूल कुठे यावा, किती उंच यावा, याची मापं घेणं हे श्रीधरचं काम. इथे त्याने मापं घेतलेले कितीतरी पूल आहेत. सोहारच्या रस्त्याने जाताना तो गाडी हळू करून दाखवायचा, "हा माझा." आणि त्याच्या गावात, खालच्या वाडीला शाळेपासून आणि रस्त्यापासून तोडणाऱ्या पऱ्यावर साधा साकव नव्हता. पऱ्या म्हणजे ओढा, साकव म्हणजे पायी जायचा छोटा पूल. पावसाळ्यात चार महिने वाडीतली माणसं दोन लाकडांवरून तोल सांभाळत जायची, नाहीतर डोंगर चढून वळसा घालायची. माझ्या सासूबाई तशाच जायच्या.

"जिथे पाणी येत नाही तिथे पूल बांधतो मी," तो म्हणायचा, "आणि जिथे पाणी येतं तिथे माझी आई चप्पल हातात घेऊन चालते."

त्या हिवाळ्यात खालच्या वाडीतली अंगणवाडीची एक मदतनीस उभी राहणार होती. तिचं म्हणणं एकच होतं: साकव. श्रीधरने ते पांडूच्या फोनवर ऐकलं. पांडू त्याचा चुलतभाऊ, गावात रिक्षा चालवतो आणि वाडीच्या प्रत्येक कामात पुढे असतो. फोन ठेवला आणि श्रीधर म्हणाला, "मी जाऊन येतो. पाच दिवस."

मी स्वयंपाकघरात होते. "कशाला?"

"मत द्यायला."

मला हसू आलं. "विधानसभेला गेला नाहीस, लोकसभेला गेला नाहीस. आणि ग्रामपंचायतीला विमानाने जाणार?"

"तिथे मी लाखांत एक असतो. इथे आमच्या वॉर्डात तीनशे माणसं आहेत. त्यातली शंभर मुंबईत नाहीतर गल्फमध्ये. उरलेल्या दोनशेत मी एक." भाकरी तव्यावर टाकल्यासारखं सरळ सांगितलं त्याने. "आणि ज्यांना मत देणार त्यांची घरं मला माहीत आहेत. कोणाच्या दारात कुठलं झाड आहे ते सांगू शकतो मी. एवढं कळून मत द्यायची संधी दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत आहे?"

"आणि सलाला?"

तेवढीच सुट्टी त्याच्याकडे उरली होती. येत्या जुलैत खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, बघायला सलालाला जायचं आमचं ठरलं होतं. सगळा ओमान भाजत असताना त्या एका कोपऱ्यात धुकं उतरतं आणि डोंगर हिरवे होतात. इथे येऊन चौदा वर्षं झाली होती आणि आम्ही अजून ते पाहिलं नव्हतं. दरवर्षी काहीतरी निघायचं.

"सलाला कुठे जात नाही," तो म्हणाला.

जिन्यात अबू खालिद भेटले. श्रीधर त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचा. ते सीबच्या जुन्या बाजारात वाढलेले, हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या दुकानांत बसून हिंदी शिकलेले. बॅग बघून त्यांनी विचारलं, "सिरिधर, अम्मा ठीक है?"

"ठीक है अर्बाब. वोट डालने जा रहा हूँ. गाँव में बलदिया का इलेक्शन है."

अबू खालिद थांबले. इथल्या बलदियाच्या म्हणजे नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांनी घरी बसून, खजूर खात खात मोबाइलवर मत दिलं होतं. तसं त्यांनीच आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं. "वोट के वास्ते तय्यारा में जाता?" त्यांनी हाताने विमान करून दाखवलं. "माशाल्ला. तुम्हारा आदमी जीतेगा, इन्शाल्ला." मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "मॅडम, ये आदमी बहुत अच्छा. थोडा पागल."

मीही हसले होते. ते हसणं मला आठवतं.

सहाव्या दिवशी तो परतला. घरी येऊन हात धुतले, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि डाव्या हाताचं बोट वर केलं. नखाच्या मुळापासून खाली जांभळी रेघ.

"दिलंस म्हणजे," मी म्हटलं.

"दिलं. पण ते मोजणार नाहीत."

मग त्याने सांगितलं. मी ते इथे त्याच्याच क्रमाने लिहिते, कारण तो मापं घेणारा माणूस होता आणि गोष्टही पायरीपायरीने सांगायचा.

आमच्याकडे जी माणसं परदेशात आहेत त्यांची नावं यादीत राहतात. घर तिथे, रेशनकार्ड तिथे, आई तिथे. कोण येणार नाही हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. त्यामुळे दुपारी, गर्दी ओसरली की काही नावं 'वापरली' जातात. दोन्ही बाजूंनी. कुणी त्याला चोरी म्हणत नाही, कुणी कबूलही करत नाही. श्रीधर येणार हे त्याने पांडूशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आईला अचानक भेटायचं म्हणून. विमान, मग मुंबईहून गाडी, घाटात ट्रक उलटून पडलेला. शाळेतल्या केंद्रावर तो पोचला तेव्हा चार वाजले होते. पांडू आमच्या पॅनेलचा एजंट म्हणून केंद्रात बसला होता. आत येणारा मतदार खरा की खोटा हे बघून हरकत घ्यायची, एवढंच एजंटचं काम. तो दुपारी वीस मिनिटं चहाला उठला. त्या वीस मिनिटांत श्रीधर शिगवण या नावावर मत पडलं होतं.

"मग तू भांडलास?"

"नाही. मतदान अधिकारी बाई होती, दापोलीकडची, शिक्षिका. तिलाच घाम फुटला. पासपोर्ट दाखवला. तिने चार प्रश्न विचारले. बापाचं नाव, घर नंबर. मग म्हणाली, नियम आहे. तुम्हाला कागदाची मतपत्रिका मिळेल. ती यंत्रात जात नाही. लिफाफ्यात जाते. प्रदत्त मत म्हणतात." हा शब्द त्याने फार काळजीपूर्वक उच्चारला. "कोर्टात कुणी गेलं, कोर्टाने सांगितलं, तरच तो लिफाफा उघडतात. एरवी नाही."

"आणि तू ते दिलंस."

"मग काय करू? शिक्का मारला, घडी घातली, तिने माझ्यासमोर लिफाफ्यात टाकलं."

आमची मदतनीस चार मतांनी पडली. चार मतांसाठी कोर्टात कोण जातं?

आणि मग मी बोलले. गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलं आहे की ते आता माझं वाटत नाही. मी म्हटलं, "म्हणजे गेलास आणि आलास. एवढंच. आमची सलाला त्या लिफाफ्यात घालून आलास."

तो चिडला नाही. बोटाकडे बघत म्हणाला, "मोजलं नाही तरी ते माझ्या हातचं आहे, सुजा. जे मोजलं ते माझं नव्हतं."

मला ते तेव्हा बहाद्दरीचं बोलणं वाटलं. हरलेली माणसं करतात तसलं. मी भांडी आवरायला लागले. शाई उतरायला दोन महिने लागले. नख वाढत गेलं तशी ती रेघ वर सरकत गेली, आणि तो नखं कापताना तेवढं बोट वगळायचा. ईशा तेव्हा दहावीत होती, आमची मुलगी. ती हसायची. "बाबा, इट्स गेटिंग वियर्ड." तो म्हणायचा, "राहू दे गं. एवढीच पावती आहे माझ्याकडे."

आम्ही सलालाला गेलो नाही. त्या जुलैत नाही, पुढच्या नाही. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये श्रीधर गेला.

माबेलाच्या साइट ऑफिसबाहेर, सकाळी सात वाजता, गाडी पार्क करून. सीटबेल्ट लावलेलाच होता. गाडीचं इंजिन त्याने बंद केलं होतं. त्याच्याबरोबर काम करणारा एक केरळी मनुष्य मला हे पुन्हा पुन्हा सांगत होता, "मॅडम, ही हॅड स्विच्ड ऑफ द इंजिन." त्यात काही दिलासा आहे असं त्याला वाटत होतं. कदाचित असेलही. मला अजून सापडलेला नाही.

गावी नेऊन त्याला अग्नी दिला. त्यानंतरचे महिने मी नावं काढत होते. परदेशात माणूस गेला की तो एका दिवसात जात नाही. रहिवासी कार्ड परत करायचं. बँकेतून नाव काढायचं. फोनचा नंबर बंद करायचा. वकिलातीत पासपोर्ट घेऊन गेले तर खिडकीमागच्या मुलीने त्याचा कोपरा कात्रीने तिरका कापला, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. कापलेला तुकडा तिच्या टेबलावर राहिला. तो मागावा असं मला वाटलं, पण मागितला नाही. घराचा भाडेकरार माझ्या नावावर करताना अबू खालिद सही करायला वर आले. श्रीधरच्या नावावर रेघ मारायची होती. पेन हातात घेऊन ते तसेच बसले, मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मॅडम, नया पेपर बनाओ. ये मैं नहीं काटेगा." आणि उठून गेले.

एका ठिकाणाहून मात्र मी त्याचं नाव काढलं नाही. गावच्या मतदार यादीतून. तिथे क्रमांक एकशे दहा सासूबाई, एकशे अकरा श्रीधर, एकशे बारा मी. लग्नानंतर त्यानेच माझं नाव घातलं होतं. मी त्या गावात एकदाही मत दिलं नव्हतं. नमुना सात भरायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, एवढंच काम. मी ते दोन वर्षं केलं नाही. विसरले नव्हते. जगातल्या सगळ्या याद्यांमधून गेलेला माझा नवरा त्या एका यादीत, आईच्या आणि माझ्या मधे, अजून सज्ञान, रहिवासी आणि हजर होता.

यंदा खिडक्या उघडल्या त्याच आठवड्यात पांडूचा फोन आला.

"वयनी, निवडनूक लागतेय. बाई पुन्हा उभी ऱ्हातेय."

"अजून साकव नाही?"

"नाय. पावसात पोरं अजून तशीच जातात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वयनी, एक बोलू? दादाचं नाव यादीत हाय अजून."

"माहीत आहे, भावोजी. काढायचं राहिलं."

"काढू नका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मागल्या वेळी त्यांनी दादाचं मत टाकलान. मी चहाला उठलो म्हनून. ते माज्या डोक्यातून जात नाय वयनी. यंदा आपन टाकू. आपल्या बाईला. दादाला काय वाईट वाटनाराय? त्याचंच मत त्यालाच परत."

आणि हे मला लिहायलाच हवं, की त्या क्षणी मला ते वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. श्रीधर एकदा तरी जिंकेल. तो लिफाफा कुणीतरी उघडेल. मी डोळे मिटून बघितलं की शाळेच्या खोलीत यंत्राची शिट्टी वाजते आहे आणि ती त्याच्या नावाची आहे.

"कळवते," म्हटलं.

ईशाला सांगितलं. ती आता पुण्यात शिकते. व्हिडिओवर तिचा चेहरा आला, मागे होस्टेलची दोरी, दोरीवर कपडे. तिचं मराठी इथल्या शाळेत शिकलेल्या मुलांचं, शोधत शोधत बोलायचं.

"म्हणजे तू फॉर्म भरला तर बाबा डिलीट होणार?"

"हो."

"नको ना, आई." तिचे डोळे भरले. मग बराच वेळ ती नाक पुसत राहिली. "पण पांडूकाका पण रॉंग आहे. बाबा एवढा लांब गेला कारण दुसऱ्याने त्याचं मत द्यायला नको. आता आपणच दुसरे होणार?"

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. तिथे एक जाडजूड दाखल-नोंदवही असते. पुस्तक आलं की त्याला क्रमांक मिळतो. पुस्तक फाटलं, हरवलं, वाळवीने खाल्लं, तर ते रद्द करतात. पण रद्द करणं म्हणजे पान फाडणं नव्हे. त्या ओळीवर लाल रेघ मारायची, तारीख घालायची, सही करायची. पुस्तकाचं नाव रेघेखाली वाचता येतं. आणि तो क्रमांक पुन्हा कुठल्याही पुस्तकाला देत नाहीत. हे मी नव्या मदतनीस बाईंना कितीदा शिकवलं आहे. त्या आठवड्यात जुनी पाठ्यपुस्तकं रद्द करत असताना, लाल पेन हातात असताना, श्रीधरचं ते स्टुलावरचं वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. जे मोजलं ते माझं नव्हतं.

ती बहाद्दरी नव्हती. तो मला हिशेबाच्या पलीकडचं काही समजावत होता आणि मी भांडी घासत होते.

नमुना सात भरला. 'वगळण्याचे कारण' या रकान्यात 'मयत' लिहिलं. 'अर्जदाराचे नाते' या रकान्यात 'पत्नी'. मग पांडूला फोन केला. तो पहिल्यांदा ओरडला. "वयनी, तुमी शिकलेली मानसं, तुमाला कागद हवा. एक मत गेलं ना आमचं!"

"गेलं नाही. मी येते आहे. माझं आहे ना एक?"

पलीकडे त्याने रिक्षा बाजूला घेतल्याचं ऐकू आलं.

"खरंच येताव?"

"येते. आणि भावोजी, त्या दिवशी चहा घरून थर्मासमधे भरून नेऊ."

तो हसला की रडला ते मला कळलं नाही. मग हळूच म्हणाला, "वयनी, ज्यानं दादाचं मत टाकलं व्हतं ना, त्यानं दादाला खांदा पन दिलान. मी बघितलं. मी काय बोललो नाय."

मी कोण ते विचारलं नाही. श्रीधरला ते नाव पहिल्यापासून माहीत असणार, आणि त्याने मला सांगितलं नव्हतं. वाडीतलाच कुणीतरी, ज्याच्या दारात कुठलं झाड आहे हे त्याला ठाऊक होतं.

मी गेले. जिन्यात अबू खालिदनी बॅग बघितली. मी सांगितल्यावर त्यांनी हाताने विमान केलं नाही. उजवा हात छातीवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "अल्लाह यरहमा." म्हणजे, अल्ला त्याच्यावर दया करो.

लोक विचारतात, आणि मीही विचारत होते, की गावच्या निवडणुकीत मत देऊन काय होतं. पैसा वरून येतो, निर्णय वरून येतात, पंचायत नुसती सही करते. हे बरंचसं खरं आहे. आणि दुसराही एक प्रश्न आहे, जो मला जास्त बोचतो: जी बाई समुद्रापलीकडे राहते तिने त्या पऱ्यावरच्या साकवाबद्दल बोलावं का? त्याचं उत्तर श्रीधरकडे होतं. माझी आई तो पऱ्या ओलांडते, एवढं. मला उत्तर हवं होतं ते वेगळं. मला हे हवं होतं की तो गेला आणि आला, एवढंच नव्हतं असं कुणीतरी सांगावं. असं सांगणारं कुणी नाही, हे विमानात बसल्यावर कळलं.

आणि निकाल आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याची वाट बघायला नको. आमची बाई पुन्हा पडली. सात मतांनी. श्रीधरचं मत पांडूने टाकलं असतं तरी पडली असती. मी गेले नसते तरी पडली असती. साकव नाही. येत्या जूनमधे मुलं पुन्हा त्या दोन लाकडांवरून जातील आणि मी सीबमधे एसीच्या घरघरीत पुस्तकांवर शिक्के मारत असेन.

मतदानाच्या सकाळी सासूबाई लवकर उठून बसल्या होत्या. नऊवारी नेसून, केस विंचरून. त्या आता फार थोडं बोलतात. मी पायाशी बसून त्यांना सांगितलं. फोनवर सांगायचं मला धाडस झालं नव्हतं.

"आई, यादीतून त्यांचं नाव काढलंय मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अंगणातल्या आंब्याला मोहर आला होता, तिकडे बघत होत्या. मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, खरखरीत, हलका.

"बरं केलंस गो बाय. त्याला आता परत परत कोन उटवायला नको."

पऱ्यात पाणी घोट्याएवढंच होतं. सासूबाईंचा हात धरून मी दगडांवरून पलीकडे गेले. मधल्या दगडावर त्या थांबल्या, दम घ्यायला. पाण्याच्या दोन्ही बाजूंना उंच काठ होते, आणि मला ते श्रीधरच्या डोळ्यांनी दिसले. इथून इथपर्यंत. एवढी उंची. फार काही नाही, एका उन्हाळ्याचं काम. तो इथे उभं राहून कितीदा मनात मापं घेत असेल.

शाळेच्या खोलीत बाकं भिंतीला लावली होती. फळ्यावर कुणी मुलाने काढलेली बोट अजून पुसली नव्हती. खिडकीखाली दोन्ही बाजूंचे एजंट याद्या घेऊन बसले होते. पांडू त्यांत होता, मांडीशी लाल थर्मास. सकाळपासून जागेवरून हलला नव्हता म्हणे. त्याच्या शेजारी बसलेला दुसऱ्या पॅनेलचा एजंट, पन्नाशीचा, अंगात स्वेटर, मला बघून जरासा उठल्यासारखा झाला आणि पुन्हा बसला. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. मला समजलं. समजलं तसं ते सोडूनही दिलं. श्रीधरनेही तेच केलं असावं.

सासूबाईंचं झालं. मी पुढे झाले. अधिकारी तरुण होता. त्याने माझं कार्ड घेतलं, यादीवर बोट ठेवलं. मला उलटं दिसत होतं ते पान. एकशे दहाच्या शेजारी एक चौकोन, त्यात एक धूसर फोटो, त्यावर 'वगळले' असा तिरपा शिक्का. शिक्क्याखाली नाव वाचता येत होतं. अधिकाऱ्याचं बोट त्या चौकोनावरून पुढे सरकलं आणि माझ्यावर थांबलं.

मतदाराचं नाव मोठ्याने वाचायचं असतं, एजंटांना ऐकू जाईल असं. हा नियम मला माहीत होता. पण आपलं पूर्ण नाव कसं असतं हे आपण विसरलेले असतो. इथे ओमानमधे मी सगळ्यांची सुजाता मॅडम आहे. कार्डावर, बँकेत, पगाराच्या चिठ्ठीवर आता सुजाता एवढंच, नाहीतर आडनाव. मधलं नाव दोन वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"एकशे बारा," त्याने वाचलं. "सुजाता श्रीधर शिगवण."

पत्र्याखालच्या त्या खोलीत ते नाव सगळीकडे गेलं. स्वेटरवाल्याची पेन्सिल थांबली. दारात काठीला रेलून उभ्या असलेल्या सासूबाईंनी मान वर केली, कुणी हाक मारल्यासारखी.

"कुणाची हरकत?" अधिकाऱ्याने विचारलं.

पांडू उभा राहिला. एजंटने उभं राहायचं काही कारण नसतं.

"हरकत नाय," तो म्हणाला. "श्रीदादाच्याच हायेत."

मी डावा हात पुढे केला.